भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र आणि नाशिकला मित्राच्या घरी एक दिवस: सहकुटुंब प्रवासाची आखणी

पुण्याहून गाडीने सहकुटुंब निघावे, एक रात्र भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत काढावी आणि पुढे नाशिकला जुन्या मित्राकडे मुक्कामाला जावे, हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत तीन दिवसांत निवांत पार पडतो. आखणी करताना क्रम मात्र हाच ठेवावा. मित्राकडे आधी गेल्यास पुढच्या तंबूचे आरक्षण डोक्यात राहते आणि गप्पा रंगात आल्या असताना घड्याळाकडे पाहत उठावे लागते. एवढ्या वर्षांनी भेटणाऱ्या माणसाला वाटेतला थांबा करू नये.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडीच्या चारही चाकांबरोबर स्टेपनीतील हवा तपासून घ्यावी आणि जॅक जागेवर असल्याची खात्री करावी. चाकणची कोंडी टाळण्यासाठी पहाटे लवकर निघावे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा या मार्गाने संगमनेर गाठून तिथून अकोले, राजूर आणि शेंडी असा रस्ता घ्यावा. एकूण अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. नारायणगावात न्याहारी करावी. इंधन संगमनेर किंवा अकोल्यातच भरून घ्यावे आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण शेंडीच्या पुढे मोबाइलचे नेटवर्क बेभरवशाचे असते आणि ऑनलाइन पैसे देणे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत. मित्राच्या घरी नेण्यासाठी ते वाटेतच घ्यावेत.

प्रवरा नदीवरील विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती अनेक स्थानिक कुटुंबे तंबू, रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता अशी एकत्र सोय करतात. शहरातून सर्व सामान वाहून नेण्यापेक्षा त्यांच्याकडेच उतरावे, असे माझे ठाम मत आहे; पैसा गावात राहतो, चुलीवरची गरम भाकरी मिळते आणि रात्री काही अडचण आली तर परिसराची माहिती असणारा माणूस जवळ असतो. आरक्षण करताना स्वच्छतागृह तंबूपासून किती लांब आहे, कमोडची सोय आहे का आणि सकाळी गरम पाणी मिळते का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आजी-आजोबा बरोबर असतील आणि जमिनीवरून उठणे त्यांना कठीण जात असेल, तर त्यांच्यासाठी भंडारदऱ्यातच पर्यटन महामंडळाच्या निवासात खोली घ्यावी.

दिवस मावळण्याच्या किमान दोन तास आधी पोहोचावे. तंबूसाठी पाण्यापासून दूर, थोडी उंच आणि सपाट जागा निवडावी. जलाशयाचा उतार निसरडा व फसवा असतो, म्हणून मुलांना एकटे काठावर जाऊ देऊ नये आणि पोहण्याचा विचार मोठ्यांनीही करू नये. हिवाळ्यात थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालूनही चढते. त्यामुळे अंगावर एक जादा पांघरूण घेण्याआधी अंगाखाली जाड सतरंजी किंवा गादी घालावी. कानटोपी, मोजे आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र विजेरी असावी. बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत, कारण बाहेर राहिलेल्या बुटात विंचू शिरू शकतो. एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये: ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत आणू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. शक्य असल्यास तारीख अमावास्येच्या आसपासची निवडावी; चंद्रप्रकाश नसल्याने मुलांना असंख्य तारे दाखवता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहावे. शिलाहार काळातील या मंदिराचे कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी सावकाश पाहण्यासारखी आहे. सांदण दरी किंवा कळसूबाईचे १,६४६ मीटर उंच शिखर याच सकाळी उरकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग मित्राच्या दारात थकलेली मंडळी पोहोचतात. आपला सर्व कचरा पिशवीत भरून गाडीत ठेवावा, आंघोळी उरकून घ्याव्यात आणि बारी, घोटीमार्गे नाशिककडे निघावे. हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे.

मित्राला तारीख महिनाभर आधी कळवावी आणि किती माणसे येणार, कोण काय खात नाही, हेही त्याच वेळी सांगावे. त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची सोय पाहणे हे पाहुण्याचे काम आहे, म्हणून एका वेळचे जेवण सर्वांनी बाहेर घेण्याचा आग्रह आपणच धरावा. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर एकाच दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये. दोघांपैकी एक ठिकाण निवडून मित्राच्या कुटुंबाला बरोबर घ्यावे. मुलांची एकमेकांशी ओळख व्हायला खेळाचे एखादे साधन पुरते, तेव्हा पत्त्यांचा जोड किंवा कॅरमच्या सोंगट्या जवळ ठेवाव्यात. संध्याकाळ मात्र पूर्ण मोकळी ठेवावी. जुने फोटो बरोबर न्यावेत, आणि त्यांतील एखाद्याची प्रत काढून मित्राला द्यावी.

तिसऱ्या दिवशी जेवण लवकर आटोपून दुपारी एकच्या सुमारास नाशिक सोडल्यास चाकणच्या गर्दीत थोडा वेळ गेला तरी रात्रीच्या जेवणापर्यंत पुण्यात पोहोचता येते. तंबू स्वतःचा असेल तर घरी आल्यावर तो उन्हात पूर्ण वाळवूनच घडी घालावी, अन्यथा दवाच्या ओलाव्याने कापडावर बुरशी धरते.