उंदराच्या मेंदूचे प्रकाशचित्रण आणि मज्जातंतूची वेदना: या चुका टाळा

प्रयोगशाळेतल्या रॅटच्या मागच्या पायाला उद्दीपन दिले की मेंदूच्या पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश बदलतो तो हजारात एखाद-दुसऱ्या भागाने. एवढ्याशा बदलावरून वेदनेविषयी बोलायचे असते. दिवा, टेबल, हवा, भूल यांतली कुठलीही गडबड त्याहून मोठी ठरते, आणि कोकणात ही यादी आणखी लांबते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रक्ताचा सिग्नल चेतापेशींचा समजणे. बाहेरून कोणताही रंग न घालता केलेल्या चित्रणात (ग्रिनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवलेली पद्धत) कॅमेऱ्याला मुख्यतः हिमोग्लोबिन दिसते. चेतापेशींची हालचाल मिलिसेकंदांत होते, रक्ताचा प्रतिसाद त्यामागून सेकंदांत येतो. हिरव्या प्रकाशात प्रतिसादाचा ठिपका ठळक उमटतो म्हणून तोच घेण्याचा मोह होतो, पण तो रक्ताचे एकूण प्रमाण सांगतो आणि मोठ्या शिरांकडे सरकतो. ६१० ते ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशातही नोंद घ्या. शिरांचा नकाशा हिरव्यात घेऊन झाला की फोकस पृष्ठभागाखाली ३०० ते ५०० मायक्रॉन उतरवायचा असतो. हे विसरले की शिरांच्या कडाच 'प्रतिसाद' म्हणून उमटतात. औषध दिल्यावर ठिपका लहान झाला तर लगेच आनंद मानू नका. क्लोनिडीनसारखे औषध रक्तदाबही बदलते. रक्तदाबाची नोंद शेजारी नसेल तर त्या चित्रावरून वेदनेबद्दल काहीच म्हणता येत नाही.

चेतापेशींच्या व्होल्टेजला प्रतिसाद देणारा रंग वापरला तर वेळेचा प्रश्न सुटतो, पण रंग प्रकाशाने फिका पडत जातो आणि भुलेतल्या रॅटचे हृदयही मिनिटाला तीनशेहून अधिक ठोके देत मेंदू हलवत राहते. कॅमेरा ईसीजीला जोडून सुरू करा आणि उद्दीपनाशिवायच्या नोंदी मध्ये-मध्ये घेऊन वजा करा.

भूल हा वेगळा विषय आहे. आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या पसरतात आणि मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशींची हालचाल मंदावते, म्हणून दोन गटांत भुलेची खोली वेगळी असेल तर तुलना निरर्थक. युरेथेन तासन्‌तास स्थिर राहते, पण त्यानंतर प्राण्याला पुन्हा उठवायचे नसते. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखा. भुलेतल्या प्राण्याला वेदना जाणवत नसते. तेव्हा दिसतो तो इजेच्या संदेशाचा प्रवास, आणि शोधनिबंधात तसेच लिहा.

आता आपल्या किनाऱ्याचे. वेदनेची चाचणी ठरावीक जोराला वाकणाऱ्या नायलॉनच्या फॉन फ्राय तंतूंनी होते आणि नायलॉन ओलावा शोषतो. मिरग लागला की तोच तंतू वेगळ्या जोराने वाकतो. एप्रिलमध्ये घेतलेली मोजमापे आणि जुलैतली मोजमापे एका आलेखात मांडण्याआधी प्रत्येक तंतू तराजूवर दाबून तपासा, आणि ठेवा सिलिका जेलच्या डब्यात. प्राणिगृहाची आर्द्रता रोज लिहा. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत ती ३० ते ७० टक्के अपेक्षित आहे आणि रत्नागिरीच्या पावसात ती आपोआप कधीच तशी राहत नाही. एसीतले थंड भिंग दमट हवेत काढले की त्यावर बाष्प बसते, आणि तसेच बंद कपाटात ठेवले की बुरशी. दिव्याला स्थिर डीसी पुरवठा द्या, कॅमेरा आणि भुलेचे यंत्र यूपीएसवर ठेवा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची नोंद टाकून द्या, ती 'दुरुस्त' करू नका. शिवाय जनरेटरची थरथर टेबलापर्यंत पोहोचते.

इजेच्या प्रारूपातही, म्हणजे प्राण्यात मज्जातंतूची वेदना निर्माण करण्याच्या पद्धतीतही, सावधगिरी हवी. बेनेट आणि शी यांच्या १९८८ च्या पद्धतीत मागच्या पायाकडे जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूभोवती चार सैल गाठी मारतात. सैल म्हणजे सैल. घट्ट मारली तर तंतूच तुटतात आणि दोन प्राणी सारखे राहत नाहीत. दुसरा पाय 'निरोगी' धरून तुलना करणेही धोक्याचे, कारण एका बाजूच्या इजेनंतर बदल दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतात. मज्जातंतू उघडून गाठ न मारता बंद केलेले प्राणी वेगळे ठेवा आणि चित्रे मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका.

दिवा, टेबल आणि विजेची गडबड प्राणिप्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज करण्याआधी, कृत्रिम पृष्ठभागावर दिवा व कॅमेरा तासभर चालवून तपासता येते. बिघडलेल्या नोंदीसाठी दुखावलेला प्राणी परत मिळत नाही, त्यामुळे दिव्याची चढउतार सिग्नलपेक्षा कमी येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका.