सनद गुजरातची, वकिली पुण्यात: नोंदणी इकडे आणली ती अशी

लग्नानंतर वडोदऱ्याहून पुण्यात आले. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, गुजरात बार कौन्सिलची. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, "कलम 30 आहे ना, देशभर कुठंही उभी राहा." ते खरंच आहे, 1961च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं हे कलम 15 जून 2011पासून लागू आहे. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमही आहे: नेहमीची वकिली जिथं करता, तिथल्या राज्याच्या रोलवर, म्हणजे वकिलांच्या नोंदणी यादीत, नाव हवं. सहा महिन्यांत बदलीचा अर्ज केला नाही, तर ते व्यावसायिक गैरवर्तन मानलं जातं! हे नव्या वकिलांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बदली होते कलम 18 खाली. अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नावे. सोबत जुन्या रोलवरच्या नोंदीची प्रमाणित प्रत आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचा दाखला.

माझं घोडं अडलं ते नावावर. रोलवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यामुळे आधी नावबदलाचं गॅझेट आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून जुन्या रोलवरच नाव दुरुस्त करून घेतलं, मग प्रमाणित प्रत मागितली. हाच क्रम ठेवा, मैत्रिणींनो. उलटं केलंत तर प्रत पुन्हा काढावी लागते. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या.

आता नाव महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या रोलवर आहे.