स्मरणचाचणी पुन्हा घेताय? या चुका टाळा

मागच्या वर्षी आजोबांना ३० पैकी २२ गुण होते, यंदाही २२. "बरं आहे, काई घसरलं नाई," म्हणत वही मिटते. इथेच फसगत होते. दुसऱ्या खेपेला प्रश्न ओळखीचे असतात, पेन्सिल धरायची धास्तीही गेलेली असते. त्यामुळे धडधाकट माणसाचे गुण सहसा थोडे वाढतातच. हा सरावाचा परिणाम पहिल्या दोन खेपांमध्ये सर्वांत मोठा, शब्द आठवण्यात ठळक, आणि वर्ष उलटलं तरी पुरता ओसरत नाही. वाढायला हवे ते गुण जागीच राहिले, तर आत घसरण सुरू असू शकते.

उपाय: सुरुवातीलाच दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चाचणी दोनदा घ्या आणि दुसरा आकडा पाया धरा. पुढे ६ ते १२ महिन्यांनी. एका गुणाच्या चढउताराने घाबरू नका, हुरळूही नका.

चाचणी संपल्यावर बरोबर उत्तरं सांगून टाकण्याची खोड मोडाच. पुढच्या खेपेपर्यंत नात चाचणीत लक्षात ठेवायला दिलेले पाच शब्द आजीकडून घोकून घेते. मोका (MoCA) या ३० गुणांच्या स्मरण-आकलन चाचणीचे ८.१, ८.२, ८.३ असे पर्यायी फॉर्म आहेत, ते आलटूनपालटून वापरा. शब्द बदलतात, प्रश्नांची रीत मात्र ओळखीचीच राहते; म्हणजे सराव कमी होतो, संपत नाही.

यंदा एक चाचणी, पुढच्या वर्षी दुसरी, असं करून गुणांची तुलना करू नका. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला चाचणीतली घनाकृती काढता आली नाही, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बेतताना वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, ते याचसाठी. वऱ्हाडात तारखेऐवजी तिथी किंवा बाजाराचा वार सांगितला, तर गुण द्यायचा की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहा. एकदा दिला, एकदा नाही, तर घसरण कागदावरच तयार होते.

दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाला संध्याकाळी बसवू नका, मे महिन्यात दुपारी तर नाहीच. कागदाच्या डोक्यावर वेळ, फॉर्मचा क्रमांक, चष्मा होता का, ऐकू येत होतं का, शेजारी कोण होतं हे टिपा. दाराआडून सून उत्तर पुरवत असेल, तर तिला चहा टाकायला पाठवा.

गुण एकदम कोसळले, तर लघवीतला संसर्ग, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, झोपेच्या गोळ्या यांचा तपास आधी डॉक्टरांकडून करून घ्या.

गावाची सरासरी काढताना दुसऱ्या खेपेला कोण आलंच नाही तेही पाहा. बहुधा ज्यांचं बिघडतंय तेच घरी राहतात, आणि उरलेल्यांची सरासरी फुगते. यादी घेऊन त्यांच्या दारी जा.