महागडा गेमिंग हेडसेट: पैसे वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

महागडा गेमिंग हेडसेट घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. "यापेक्षा जुना बरा होता" ही पहिली, आणि "पलीकडच्यांना माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो" ही दुसरी. दोन्ही वेळा खापर हेडसेटवर फुटते, पण चूक बहुतेकदा निवडीत, जोडणीत किंवा एखाद्या दुर्लक्षित सेटिंगमध्ये असते. माझे मत आधीच सांगून टाकतो: वाढीव किमतीतला मोठा भाग आवाजासाठी नव्हे, तर वायरलेस यंत्रणा, बॅटरी, माइक, तासन्‌तास डोक्यावर राहूनही न टोचणारी बांधणी आणि सुटे भाग बदलण्याची सोय यांसाठी मोजला जातो. आवाजाचा दर्जा किमतीबरोबर वाढतो खरा, पण मध्यम किमतीच्या पुढे ती वाढ मंदावते. त्यामुळे या सोयी ज्याला रोज लागतात त्याला महागडा हेडसेट परवडतो, आणि ज्याला केवळ "भारी आवाज" हवा आहे त्याची निराशा होण्याची शक्यता जास्त असते.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणे

खोक्यावर ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (कानाजवळचा आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर) लिहिलेला दिसला की ४० मिलिमीटरचा हेडसेट आपोआप कमअस्सल वाटू लागतो. ड्रायव्हरचा व्यास हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे. त्यातल्या कंप पावणाऱ्या पडद्याचे साहित्य, मागच्या पोकळीचा आकार, कुशनची जाडी आणि स्वरांचा समतोल साधण्याची निर्मात्याची हातोटी यांवर अंतिम परिणाम ठरतो. वारंवारितेच्या आकड्यांचेही तेच. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येत जाते. तेव्हा ४०,००० हर्ट्झचा दावा खरा असला, तरी त्याचा उपयोग ऐकणाऱ्याला काहीच नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ मात्र "७.१ सराउंड" (चहूबाजूंचे सात स्पीकर आणि खर्जाचा एक, यांचा आभास) या शब्दांनी घातला आहे. हेडसेटमध्ये बहुधा दोनच ड्रायव्हर असतात, आणि दिशा ओळखण्यासाठी तेवढे पुरतातही, कारण आपल्याला कानही दोनच आहेत. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित क्षीण होऊन पोहोचतो, आणि शिवाय कानाच्या पाळीच्या वळणांमुळे त्याचा पोत बदलतो. या बदलांवरून मेंदू दिशा ताडतो. हेच बदल गणिताने घडवून आणणाऱ्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात आणि अनेक स्पर्धात्मक गेममध्ये ती आता गेममध्येच दिलेली असते. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट ही त्याची ठळक उदाहरणे. आता अशा गेममध्ये एचआरटीएफ सुरू ठेवायचे आणि वरून हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधले ७.१ही सुरू करायचे, म्हणजे एकदा गाळलेला चहा पुन्हा पातेल्यात ओतून उकळण्यासारखे आहे. पावलांचा आवाज समोरून येतो आहे की मागून, हे कळेनासे होते आणि सगळे काही लांबच्या सभागृहात चालल्यासारखे वाटते.

नियम सोपा आहे: अवकाशाचा आभास कोणत्याही एकाच ठिकाणी निर्माण होऊ द्यावा. गेममध्ये हेडफोनसाठी वेगळा पर्याय असेल तर तो निवडून बाकी सगळे बंद करावे. गेम फक्त बहुवाहिनी स्पीकरसाठी आवाज देत असेल, तरच बाहेरचे आभासी सराउंड कामाचे ठरते. त्यासाठीही वेगळे पैसे मोजावे लागतीलच असे नाही, कारण विंडोजमध्ये २०१७ पासून विंडोज सॉनिक विनामूल्य मिळते आणि प्लेस्टेशन ५ आपला त्रिमित आवाज कंट्रोलरच्या जॅकला जोडलेल्या साध्या वायर्ड हेडसेटवरही ऐकवतो. शंका असल्यास मित्राला गेममध्ये आपल्या पाठीमागून चालायला सांगावे, डोळे मिटून दिशा ओळखावी आणि मग दुसऱ्या सेटिंगवर तीच चाचणी पुन्हा करावी. पाच मिनिटांत जे कळते ते कोणत्याही जाहिरातीतून कळणार नाही.

"वायरलेस" म्हणजे सगळे एकच, असे समजणे

ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (हेडसेटबरोबर येणारा, यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रेडिओ जोड) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घेताना हा फरक न पाहणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज सहज १५० मिलिसेकंद किंवा त्याहून उशिरा पोहोचतो. सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे गोळी सुटलेली दिसल्यानंतर नऊ फ्रेम उलटल्यावर तिचा आवाज येतो. डोंगलवर हाच विलंब काही दशक मिलिसेकंदांच्या आत राहतो आणि बहुतेकांना जाणवत नाही.

ब्लूटूथची दुसरी अडचण अधिक फसवी आहे. संगीत छान वाजत असते, पण गेममध्ये व्हॉइस चॅट सुरू केले की आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. याचे कारण असे की माइक चालू होताच पारंपरिक ब्लूटूथ फोनवरच्या संभाषणासाठी बनवलेल्या हँड्स-फ्री पद्धतीवर जाते, आणि त्या पद्धतीत आवाज मोनो होतो व वरचे स्वर कापले जातात. हेडसेट बिघडलेला नसतो. डोंगल वापरावा, नाहीतर माइक वेगळा घ्यावा आणि विंडोजमध्ये हेडसेटचा माइक निवडूच नये.

कोणत्या यंत्रावर काय चालते, हेही खरेदीआधीच तपासायला हवे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स ही दोन्ही यंत्रे ब्लूटूथ हेडसेटवर आवाज पाठवत नाहीत. एक्सबॉक्सचे तर त्याहून कडक आहे: संगणकावर उत्तम चालणारा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल एक्सबॉक्सला लावून उपयोग होत नाही, त्यासाठी खास परवाना घेऊन बनवलेलेच मॉडेल लागते. म्हणूनच एकाच हेडसेटच्या संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स अशा वेगवेगळ्या आवृत्त्या विकल्या जातात. निन्टेन्डो स्विचवर २०२१ च्या अद्ययावतीकरणानंतर ब्लूटूथने ऐकता येते, पण ब्लूटूथ माइक चालत नाही.

डोंगल कॅबिनेटच्या मागे खुपसणे

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. बरेच पैसे साठवून घेतलेला वायरलेस हेडसेट पहिल्याच रात्री दर दोन-तीन मिनिटांनी खरखर करू लागला आणि मध्येच क्षणभर मुका होऊ लागला. हेडसेटचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, संगणकातले ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले, विक्रेत्याला पत्र लिहून वस्तू सदोष असल्याचे कळवले आणि परत पाठवण्यासाठी खोके बांधूनही झाले. मग सहज लक्षात आले की खरखर फक्त बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप चालू असताना होते. डोंगल कॅबिनेटच्या मागे होता, त्याला अगदी खेटून यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये हार्ड डिस्कची केबल होती, आणि दोन्हींच्या आणि माझ्या डोक्याच्या मध्ये पत्र्याची आख्खी पेटी होती. एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी आणून ठेवला. खोके त्याच रात्री सोडले. विक्रेत्याला दुसरे, जरा ओशाळवाणे पत्र लिहावे लागले, ते वेगळे.

यामागचे कारण नवे नाही. यूएसबी ३.० च्या केबल आणि जोडण्यांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक निबंधात स्पष्ट मांडले होते. अनेक निर्माते डोंगलबरोबर एक छोटी केबल देतात ती याचसाठी, आणि आपण ती खोक्यातच ठेवून देतो. वायफायचा राउटरही टेबलावरच असेल तर तो थोडा लांब सरकवावा आणि शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झवर चालवावा.

माइक आणि जोडणीच्या बारीक चुका

हेडसेटची एकच पिन संगणकाच्या हिरव्या छिद्रात घातल्यावर ऐकू येते, पण बोललेले पोहोचत नाही, ही तक्रार जुनीच आहे. अशा पिनेवर तीन काळ्या कड्या आणि चार धातूचे भाग असतात. त्यांतला एक माइकचा असतो, आणि हिरव्या छिद्राला तो कळत नाही. आवाज व माइक वेगळे करणारा स्प्लिटर लावून एक टोक हिरव्या आणि दुसरे गुलाबी छिद्रात घालावे. येथे जपून राहावे, कारण एकच गाणे दोघांना ऐकता यावे म्हणून मिळणारा स्प्लिटर दिसायला अगदी तसाच असतो आणि त्याने माइक कधीही चालणार नाही.

माइक तोंडासमोर धरला की प्रत्येक "प" आणि "फ" फुटतो. तो ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, दोन बोटांच्या अंतरावर असावा. तरीही आवाज दबका असेल, तर हेडसेटचे सॉफ्टवेअर, चॅटचे ॲप आणि विंडोज या तिन्हींपैकी किती ठिकाणी गोंगाट कमी करण्याची सोय चालू आहे ते पाहावे आणि एकच ठेवावी.

व्हॉइस चॅट सुरू होताच गेमचा आवाज अचानक खाली जात असेल, तर तोही हेडसेटचा दोष नाही. संभाषण ओळखले की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची विंडोजची मूळ सेटिंग असते. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या "कम्युनिकेशन्स" या टॅबवर जाऊन "डू नथिंग" निवडावे. काही हेडसेट "गेम" आणि "चॅट" अशा दोन नावांनी दिसतात. गेमचा आवाज चुकून "चॅट"कडे गेला, तर कितीही महागडा हेडसेट स्वस्त वाटेल.

कान आणि डोके विसरून खरेदी करणे

प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) ड्रायव्हरचा ऑडेझी मॅक्सवेल हा हेडसेट आवाजासाठी वाखाणला जातो, पण त्याचे वजन सुमारे ४९० ग्रॅम आहे. त्याउलट ३०० ग्रॅमच्या आसपासचे अनेक चांगले हेडसेट मिळतात. जो आठवड्यातून एकदा दीड तास खेळतो त्याला हा फरक जाणवणार नाही, पण रोज चार तास बसणाऱ्याची मान तिसऱ्या दिवशीच हिशेब मांडते. म्हणून पाच मिनिटे घालून पाहणे पुरेसे नाही. परत करण्याची मुदत असेपर्यंत एक संपूर्ण संध्याकाळ तो डोक्यावर ठेवावा.

चष्मा वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. खर्जातले आवाज असलेला प्रसंग चालू ठेवून दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबावेत. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला, तर चष्म्याच्या काड्यांमुळे कुशन नीट टेकत नाही आणि आवाज फटीतून गळतो आहे, असे समजावे. ही गळती कोणत्याही इक्वलायझरने धड भरून निघत नाही, मऊ कापडी कुशनने मात्र बऱ्याचदा भरून निघते. खर्ज उगाच वाढवू नये, हेही सांगायला हवे, कारण स्फोटांच्या घुमण्याखाली पावलांचे बारीक आवाज दडतात. आवाजाच्या पातळीबद्दल एवढेच: प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलमागे सुरक्षित वेळ निम्मी होते.

"गेमिंग" या शब्दावाचून अडते का?

घरी शांत खोलीत, टेबलाशी बसूनच खेळणाऱ्याला साधा स्टुडिओ हेडफोन आणि वेगळा माइक हा पर्याय त्याच किमतीत बहुधा सरस आवाज देतो. मात्र येथेही एक ठेच ठरलेली आहे. सेन्हायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा (ओहम हे विद्युत अडथळ्याचे एकक) आणि बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोची प्रसिद्ध आवृत्ती २५० ओहमची आहे. हे हेडफोन कंट्रोलरच्या जॅकला लावले, तर आवाज पूर्ण वाढवूनही मिणमिणता येतो, म्हणून ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर कमी ओहमचे मॉडेल पाहावे. शिवाय हे दोन्ही उघड्या पाठीचे आहेत, म्हणजे शेजारी झोपलेल्या माणसाला आपला सामना ऐकू जातो आणि त्याचे घोरणे आपल्याला.

वायरलेस हेडसेटच घ्यायचा ठरला, तर बॅटरीचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. हायपरएक्स क्लाउड अल्फा वायरलेसची कंपनी एका चार्जिंगवर ३०० तासांचा दावा करते, तर स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसमध्ये दोन बॅटऱ्या असतात आणि एक वापरताना दुसरी चार्ज होत राहते. हे झाले रोजच्या सोयीचे. पण लिथियमची बॅटरी वर्षागणिक झिजते, आणि ती आतच चिकटवलेली असेल तर उत्तम ड्रायव्हर असलेला हेडसेटही तिच्याबरोबरच निवृत्त होतो. कृत्रिम चामड्याच्या कुशनचे पापुद्रे तर त्याआधीच, दीड-दोन वर्षांत, मानेवर आणि खांद्यावर पडू लागतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलची कुशन सुटी विकत मिळते का, माइक आणि केबल काढून बदलता येतात का, आणि बॅटरी संपलेली असताना साधी वायर लावून ऐकता येते का, या गोष्टी निर्मात्याच्या सुट्या भागांच्या यादीत आणि माहितीपुस्तिकेत शोधाव्यात. त्या सापडल्या नाहीत तर मी स्वतः एक पायरी खालचा वायर्ड हेडसेट घेतो.