गाण्यावर लिहायचंय? आधी गाण्याखालची माहिती वाचायला शिका

डिसेंबर जवळ आला, सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची चर्चा सुरू झाली की दरवर्षी कोणीतरी हमखास विचारतं, दादा संगीतावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू. बहुतेक रानडे इन्स्टिट्यूटची नाहीतर एसपी-फर्ग्युसनची पोरं असतात, कान चांगला असतो, उत्साह तर विचारूच नका. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा बसून लिहून टाकतो.

पैशाचं आधी बोलून घेऊ. फक्त संगीत समीक्षा करून घर चालवणारा माणूस मला तरी पुण्यात अजून भेटलेला नाही. पेपरांच्या पुरवण्यांमधली जागा आटत गेली, वेबसाइटवाले जागा देतात पण मानधन ऐकून हसू येतं. मी स्वतः दिवसा भाषांतरं आणि कंटेंटची कामं करतो. यात काही नवीन नाही, वामनराव देशपांडे घराण्यांवर इतकं मूलभूत लिहून गेले, पण पेशाने चार्टर्ड अकाउंटंटच होते ना. म्हणजे नोकरी सोडून यात उडी वगैरे मारू नका.

गाणं शिकलंच पाहिजे का? विशारद व्हायची गरज नाही. पण एखाद-दोन वर्षं कुणाकडे तरी बसा, पेठांमध्ये गल्लोगल्ली क्लास आहेत. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे आली ते मान हलवणाऱ्या शेजाऱ्याकडे न बघता कळलं पाहिजे, विलंबित म्हणजे संथ लयीच्या एकतालात बारा मात्रा इतक्या ताणलेल्या असतात की एकेका मात्रेत चार-चार मोजायला लागतात, ते हाताने धरता आलं पाहिजे. आणि पट्टी कळली पाहिजे, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर आहे, पांढरी एक, काळी एक, ही काय भानगड आहे ते. हे शेवटचं पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या आधीच्या पिढीला गाणं मिळवायलाच मरमर करायला लागायची, कर्वे रोडला अलूरकरांच्या दुकानात जाऊन कॅसेटी शोधणारे लोक मी बघितलेत. तुम्हाला सगळं फोनवर मिळतं. अडचण ही आहे की गाणं मिळतं आणि त्याच्याखालची माहिती मात्र बऱ्याचदा कचरा असते, कोणी गायलं, कधी, कुठे, साथीला कोण, चाल कोणाची, शब्द कोणाचे. नवीन लिहिणारे नेमकी तीच माहिती उचलून लेखात टाकतात. मग तो लेख बघून तिसरा कोणीतरी टाकतो, आणि पाचव्या ठिकाणी सापडली की आपल्याला वाटतं अरे पाच जण म्हणतायत म्हणजे खरंच असणार. पाच जण म्हणत नसतात, एकच जण म्हणत असतो आणि चौघं कॉपी करत असतात.

साधं उदाहरण घ्या. 'घेई छंद मकरंद' सर्च केलं की २०१५ च्या सिनेमातलं गाणं वर येतं आणि अल्बमवर संगीतकार म्हणून शंकर-एहसान-लॉय दिसतात. पण ते गाणं १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातलं, शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, चाल जितेंद्र अभिषेकींची, आणि रंगमंचावर ते वसंतराव देशपांड्यांनी गाजवलं. कंपनी खोटं बोलतेय असं नाही हां, अल्बम त्यांचा आहेच. पण एका ओळीच्या जागेत पन्नास वर्षांचा इतिहास मावत नाही, तो लिहिणाऱ्यालाच शोधायला लागतो.

गीतरामायणाचं त्याहून मजेशीर आहे, आणि ते तर आपल्या पुण्याचंच. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, गदिमा लिहायचे, बाबूजी चाल लावायचे, आठवड्याला एक गाणं असं करत छप्पन गाणी झाली. आज ऐकायला गेलात की सगळं बाबूजींच्या आवाजात मिळतं, त्यामुळे नवीन माणसाची समजूतच होते की पहिल्यापासून एकट्याने गायलेला कार्यक्रम होता. मूळ प्रसारणात पात्रानुसार वेगवेगळे गायक होते, माणिक वर्मा, वसंतराव, मालती पांडे, असे बरेच. आता तुम्ही जर लिहिणार असाल की सुधीर फडक्यांनी एकाच आवाजात सगळी पात्रं कशी उभी केली, तर लिहा, छान विषय आहे, पण ते नंतरच्या रेकॉर्डिंगबद्दल बोलताय हे वाचकाला सांगायला हवं. १९५५ साली रेडिओसमोर बसलेल्या माणसाने वेगळंच ऐकलं होतं.

जुन्या तबकड्यांबाबत तर डबल सावध राहा. ७८ ची रेकॉर्ड म्हणतात, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या काही ७८ च्या स्पीडला कापलेल्या नसायच्या, कोणी ७४ ला, कोणी ८० ला. आता ७४ ला कापलेली तबकडी कोणी ७८ ला फिरवून डिजिटल केली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकला गाणारा माणूस पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतो, तानाही जास्त जलद वाटतात. आणि मग कोणीतरी भावूक होऊन लिहितं की काय ती जुन्या लोकांची पट्टी, काय तो वेग! अरे बाबा, तो वेग मशीनचा पण असू शकतो.

तसंच वेळेचं. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावायची. गायिका गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं, शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते बघा, त्यालाही तीन मिनिटंच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही तबकड्या ऐकून लोक म्हणतात की विलंबित एवढंसंच? तीन मिनिटांत बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, करून दाखवायची कुठे? तबकडीवर त्यांनी काय निवडलं आणि कसं आवरलं ते कळतं, मैफिलीत ते तासभर काय करायचे ते कळत नाही. माझ्या मते जुन्या गाण्यावरचं आपल्याकडचं निम्मं लेखन हा एवढा फरकच करत नाही. आणि आत्ताही तेच चालू आहे की, स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, तर आजच्या गाण्यावर लिहिताना साधनाने गाण्याला कुठे दाबलंय ते बघा, नुसतं 'हल्ली गाण्यांत दम नाही' लिहून काय होणार.

मग खरी माहिती काढायची कशी? तबकडी असेल तर लेबलचा फोटो शोधा, लेबलच्या बाजूला कोरलेला मॅट्रिक्स नंबर असतो त्यावरून रेकॉर्डिंगचा काळ बराच बांधता येतो. नाटकांच्या तारखांसाठी जुने पेपर, केसरी १८८१ पासून निघतोय, आणि नाटकाच्या जाहिराती हा माझा लाडका सोर्स, कारण जाहिरातीत तारीख, थिएटर, नट सगळं असतं आणि ते त्याच आठवड्यात छापलेलं असतं, वीस वर्षांनी आठवून लिहिलेलं नसतं. नगर वाचन मंदिर, जयकर लायब्ररी, इथे जाऊन बसायची सवय लावा. सिनेमाच्या गाण्यांसाठी लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहेच. विकिपीडिया बघायचा, जरूर बघायचा, पण खालचे संदर्भ उघडून. संदर्भ नसेल तर ती नुसती टिप.

एआयला विचारायचं असेल तर प्रश्न शोधायला विचारा, उत्तर म्हणून काही घेऊ नका. एखाद्या अनवट रागाची बंदिश मागितली की इतकी झकास ब्रजभाषेतली दोन कडवी देतं आणि वर रचनाकाराचं नावही चिकटवतं, की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. ती बंदिश कुठल्याच वहीत नसते.

लिहिण्याबद्दल थोडंसं. मराठीत ही परंपरा मोठी आहे, केशवराव भोळे 'एकलव्य' नावाने लिहायचे, स्वतः प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांना चाली देणारा माणूस, त्यामुळे ऐकलेलं नेमकं सांगायचे. त्यांना वाचा, अशोक रानड्यांना वाचा. आणि 'रसिकांना मंत्रमुग्ध केले' हे वाक्य कीबोर्डवरून काढूनच टाका. 'सुरेल', 'दमदार', 'बहारदार' पण. त्याऐवजी सांगा की गायिका गंधारावर किती थांबली, तबलजीने लय कधी वाढवली, तंबोरे मध्येच उतरले का, मांडवात लोक कधी उठून पिठलं-भाकरीकडे गेले. साथीदारांची नावं पूर्ण लिहा, पेटीवाल्याचं नाव चुकवणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ आहे. आणि फक्त शास्त्रीयच ऐका असं कोण म्हणतंय, एनएच७ वीकेंडर हा बँडवाल्यांचा महोत्सव पण २०१० ला पुण्यातच सुरू झाला, बँडवर, रॅपवर लिहा, तिथे तर चांगलं मराठी लिहिणारे अजूनच कमी आहेत.

रेकॉर्डिंगचा तुकडा समीक्षेसाठी वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, पण तुकडा म्हणजे तुकडा, अख्खं गाणं चढवून वर चार ओळी लिहिल्या तर ती समीक्षा होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा. मैफिलीत फोन काढून रेकॉर्ड करणं हे तर सोडाच, आयोजक नको म्हणाले की नको.

पासांचं एक सांगायचं राहिलं. पुणं लहान आहे, ज्यांच्याबद्दल रविवारी वाकडं लिहाल ते सोमवारी अमृततुल्यमध्ये शेजारी उभे असतात, आणि पुढच्या कार्यक्रमाचा पासही तेच पाठवणार असतात. मी शक्यतो भारतीय बैठकीचं तिकीट स्वतः काढतो, पाठ दुखते पण डोकं मोकळं राहतं. सुरुवातीला तुम्हीही तसंच करा, परवडेल तेवढंच ऐका. एखाद्या संस्थेने स्मरणिकेसाठी लेख मागितला तर मानधन किती आणि कधी ते फोन ठेवायच्या आधी विचारा, मेलवर लिहून घ्या, आणि लेखाबरोबरच बिल पाठवा. कार्यक्रम होऊन गेला की फोन कोणी उचलत नाही.