तळ्यातल्या सैनिक-विश्रामस्थळाचा इतिहास कसा लिहावा

ग्वाल्हेर-शिवपुरीकडे एखाद्या तळ्यातल्या बेटावर जुना बंगला दिसला, आणि लढाईवरून परतलेल्या शिपायांच्या विश्रांतीसाठी तो महाराजांनी बांधला असे कोणी सांगितले, तर त्या एका वाक्यात तीन दावे असतात : बंगला केव्हा बांधला, कोणी बांधला आणि तेथे प्रत्यक्षात कोण राहत होते. हे तिन्ही दावे वेगवेगळे तपासावेत. आपल्याकडच्या मराठी घरांत प्रत्येक जुनी इमारत ‘सरकारांनी’, म्हणजे महाराजांनी, ‘दिलेली’ असते, त्यामुळे दुसऱ्या दाव्यावर तर सहजासहजी विश्वास ठेवूच नये.

तपासाची सुरुवात पाण्यापासून करावी. या भागातले एखादे मोठे तळे धरण बांधून झालेले असेल, तर त्यातले बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचा उरलेला माथा असण्याची शक्यता मोठी असते. साहजिकच धरणाआधी ते बेट नव्हते. शिवपुरीचा सख्यासागर १९१८चा आहे, आणि ग्वाल्हेरजवळच्या सांक नदीवरचे तिघ्रा धरण १९१७च्या ऑगस्टमध्ये फुटले होते, म्हणजे दोन्ही तळी विसाव्या शतकातली आहेत, हे ध्यानात ठेवले की ‘एकोणिसाव्या शतकातले बेटावरचे विश्रामगृह’ अशा कथा जागच्या जागी पारखता येतात. याचा अर्थ कथा सपशेल खोटी असाच होत नाही. इमारत टेकडीवर आधीच उभी असेल आणि पाणी नंतर भोवती आले असेल. हे ठरवण्यासाठी सर्वेक्षण विभागाचा, एक इंचास एक मैल या प्रमाणाचा, धरणापूर्वीचा नकाशा मिळवावा, टेकडीच्या माथ्याची उंची समोच्च रेषांवरून (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून) काढावी आणि जलसंसाधन विभागाकडे नोंदलेल्या पूर्ण संचय पातळीशी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीशी, ती ताडून पाहावी. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेट काठाला जोडले जाते का, हे तिथल्या मासेमारांना विचारावे, कारण जिथे वर्षातले चार महिने पायी जाता येते, तिथे होडीच्या धक्क्याच्या गोष्टी जपूनच ऐकलेल्या बऱ्या. सख्यासागर माधव राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे तेथे पाहणीसाठी वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

त्यानंतर तहसिलीत जाऊन जुना खसरा (शेतनिहाय नोंद), खतौनी (खातेदारनिहाय नोंद) आणि बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीनमहसूल ठरवण्याच्या, वेळचा नकाशा पाहावा. जमीन कोणाच्या नावे होती आणि बुडीत क्षेत्रातून कोणता तुकडा वगळला, एवढे कळले तरी पुरे.

खरा खजिना मात्र अभिलेखागारात आहे. ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थानांचे दप्तर भोपाळच्या राज्य अभिलेखागारात आहे, तर ब्रिटिश रेसिडेन्सीशी (संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीशी) झालेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या परराष्ट्र व राजकीय विभागात सापडतो, आणि त्यातला बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येतो. नवखे अभ्यासक लष्करी कागदांतच अडकून पडतात. माझ्या मते आधी बांधकाम खात्याचे हिशेब पाहावेत, कारण चुना, दगड आणि मजुरीचा खर्च तिथेच चढवलेला असतो आणि इमारतीचा मूळ हेतूही तिथेच उघड होतो. शिकारीसाठी बांधलेला बंगला पुढे शिपायांना दिला गेला असेल, तर दुरुस्तीच्या नोंदीत तो बदल दिसण्याची शक्यता असते. संस्थानच्या वार्षिक अहवालांत विक्रम संवत असतो. इसवी सन काढताना त्यातून ५७ वजा करावेत, मात्र जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या नोंदींसाठी ५६. जुन्या मराठी कागदांसाठी मोडी वाचता येणे आवश्यक आहे. ‘जयाजी प्रताप’ या संस्थानी वृत्तपत्रातल्या समारंभांच्या बातम्या तारखांसाठी उपयोगी आहेत, परंतु त्यातली स्तुती बाजूला ठेवूनच त्या वाचाव्यात.

तेथे राहणारे कोण, हा सर्वांत कठीण भाग. ग्वाल्हेरच्या पलटणी पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेपर्यंत गेल्या होत्या, आणि जखमींसाठी ‘लॉयल्टी’ हे रुग्णालय-जहाज १९१४ साली सज्ज करण्यात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पुढाकार घेतला होता. जखमींची काळजी घेतली जात होती, एवढे यावरून म्हणता येते. जहाजाचे श्रेय बंगल्याला मात्र देता येत नाही. मृत शिपायांची नावे राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या सूचीत पलटणीनुसार शोधता येतात. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर आणि इंदूरच्या संस्थानी पलटणी कुमाऊँ रेजिमेंटमध्ये १४ आणि १५ क्रमांकाने आल्या, म्हणून पुढचा माग राणीखेतच्या रेजिमेंटल सेंटरपर्यंत जातो. विश्रामगृह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आले असेल, तर तिथली मुक्कामाची नोंदवही मागावी, कारण एका वर्षाची जरी वही हाती लागली तरी ऐकीव माहितीपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

निवृत्त फौजींशी बोलताना ‘तेथे कसे वाटायचे’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. पलटण कोणती, त्या वेळी हुद्दा काय होता, रेल्वे वॉरंट (सरकारी खर्चाच्या प्रवासाचा परवाना) कुठून कुठपर्यंतचे मिळाले, जेवण कोण करी, कुटुंबाला नेता येई का, हे आधी विचारावे. सुभेदारसाहेबांना साल आठवत नसले तरी डिस्चार्ज बुकावरून (निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेवरून) ते काढता येते. घरातल्या काकूंशी आणि सुनांशीही बोलावे. मुक्कामाला गेलेला माणूस कधी परतला, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. हयात व्यक्तीचे नाव आणि पेन्शनचा तपशील छापण्यापूर्वी तिची लेखी संमती घ्यावी, आणि जे केवळ तोंडी कळले आहे, त्यापुढे सांगणाऱ्याचा हुद्दा, पलटण आणि मुलाखतीची तारीख मजकुरातच नोंदवावी.