खाडीवरचा जुना दगडी पूल कसा पाहावा

ठाणे आणि कळव्याच्या मधे खाडीवर ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल उभा आहे. वाहनांना तो बंद आहे आणि शेजारच्या पुलांवरून वाहतूक चालते. असा पूल पाहायला येणारे बहुतेक जण आधी सालाची पाटी शोधतात. सुरुवात पाण्यापासून करावी, कारण चुन्यातल्या पुलाला गाड्यांच्या ओझ्याहून पाणी जास्त खातं.

वेळ सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची हवी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सुकती साधारण साडेआठला. ठाणं खाडीत बरंच आत असल्यामुळे मुंबईच्या वेळेहून थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम: उधाणामुळे पाणी खोल ओसरतं आणि उजेडही असतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पायथा नीट उघडा पडत नाही. चिखलात मात्र उतरू नका. काठावरून दुर्बिणीने पुरेसं दिसतं.

पहिली नजर खांबांच्या पायथ्यावर. नदीवरच्या पुलात पाणी कापणारं टोक वरच्या अंगाला असलं तरी भागतं. खाडीत प्रवाह दिवसातून चार वेळा उलटतो, म्हणून ते दोन्ही अंगांना लागतं आणि तळही दोन्हीकडून उकरला जातो. पायथ्याशी चिरे निसटलेले, खळगा पडलेला किंवा एखादा खांब बाकीच्यांपेक्षा किंचित खचलेला दिसला तर बाकीचं राहू द्या, आधी त्याची नोंद करा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. त्यानंतर अशा पुलांकडे पाहायची नजरच बदलली.

मग कमान. दोन खांबांमधलं अंतर (गाळा) आणि कमान जिथून सुरू होते तिथपासून माथ्यापर्यंतची उंची मोजून किंवा फोटोवरून अंदाजाने घ्या. अंतराचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा भाग, ही झाली त्रिज्या. गाळा 12 मीटर आणि उंची 3 मीटर असेल तर 144 भागिले 24 म्हणजे 6, त्यात दीड मिळवला की साडेसात मीटर. कमान जितकी चपटी, तितका खांबांना आडवा रेटा जास्त. माथ्यावरच्या चिऱ्याच्या जाडीसाठी एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश अभियंते रँकिन यांचं सूत्र चालायचं: फुटांतली त्रिज्या गुणिले 0.12, त्याचं वर्गमूळ. ओळीने कमानी असतील तर 0.12 च्या जागी 0.17. आपल्या उदाहरणात (साडेसात मीटर म्हणजे सुमारे साडेचोवीस फूट) ओळीसाठी दोन फुटांच्या जरा वर येतं. प्रत्यक्षातला चिरा त्याहून फार बारीक असेल, तर मोजणी पुन्हा तपासा.

तड्यांची दिशा बघा. कमानीच्या पोटाला, कडेपासून थोडं आत, पुलाच्या लांबीच्या दिशेने गेलेला तडा असेल तर आतला ओला भराव बाजूची भिंत बाहेर ढकलतोय. गाळ्याला आडवा तडा म्हणजे टेकू सरकलेत किंवा खचलेत. तिरपा असेल तर खांबाची एकच बाजू बसलीय. पांढरे ओघळ हे चुना धुऊन चालल्याचे. त्याच्या बरोबर वर रस्त्यावर पाणी साचतं का आणि निचऱ्याची भोकं बुजलीत का, हे पाहा. पिंपळ-उंबराची रोपं नुसती कापली तर मूळ सांध्यात आणखी जाड होतं. रोप मुळासकट मारावं लागतं.

सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूने भरलेल्या सिमेंटने होतं. सिमेंट कडक असतं आणि ओल अडवतं. मग आतला मऊ चुना भुसभुशीत होतो आणि दगडाची कड फुटते. डागडुजी चुन्यातच हवी: सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल खरवडायचा, धुऊन ओला करायचा, एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू घ्यायची. खाडीच्या ओलीत नुसता चुना घट्ट होत नाही, म्हणून त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालतात. नंतर निदान आठवडाभर ओलं गोणपाट. पावसाळ्यात हे काम काढू नये. आणि हे काम संबंधित खात्याचं. आपण फोटो, तारीख आणि खांबाचा क्रमांक लिहून लेखी कळवायचं. पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला, की तडा वाढलाय की नाही ते दोन फोटो शेजारी ठेवून कळतं.